वेगळ्या ताटाचा प्रश्न : एचआयव्ही कसा पसरतो, कसा पसरत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर स्टीलचं एक ताट उपडं घातलेलं असायचं. काठाला लाल नेलपॉलिशची खूण. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. त्या खोलीतल्या बाईंचा नवरा पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक चालवायचा. तो वारला आणि मागोमाग बाईंच्या रक्ताचा रिपोर्टही ‘तसाच’ आला. वाड्यातल्या बायका निर्दय नव्हत्या. रोज कुणी ना कुणी भाकरी-आमटी आणून द्यायचं. पण वाढणारा हात वरूनच सुटायचा, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. नळावर त्यांची कळशी सगळ्यात शेवटी. मी शाळकरी होतो. ती लाल खूण औषधासारखीच काहीतरी गरजेची गोष्ट असावी, असं मला वाटायचं.

हा आढावा लिहायला घेतला तेव्हा पहिल्यांदा ते ताट आठवलं. ताट वेगळं मांडायची गरज नाही, हे वाड्यातल्या त्या दिवसांपर्यंत सिद्ध होऊन दहा वर्षं झाली होती. ती माहिती जगात होती. आमच्या वाड्यात पोचली नव्हती. अलीकडे पेठेतल्या एका तालमीत १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनानिमित्ताने बोलणं झालं, तेव्हा पोरांनी विचारलेले प्रश्न ऐकून वाटलं, की अजूनही बऱ्याच गोष्टी पोचायच्या आहेत. आणि दरम्यानच्या काळात शास्त्र पुन्हा पुढे गेलं आहे.

सुरुवातीची वर्षं

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद आली. एड्सची ती पहिली छापील नोंद. विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांना त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं. १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली. म्हणजे साधारण चार वर्षं लोक मरत होते आणि कुणाला लागण झाली आहे ते खात्रीने सांगता येत नव्हतं. भीतीचा पाया त्या चार वर्षांत घातला गेला.

घरातल्या घरात हा रोग लागतो का, याचं उत्तर मात्र लवकर मिळालं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ३९ एड्स रुग्णांच्या घरातली, लैंगिक संबंध नसलेली १०१ माणसं तपासली. हे लोक महिनोन् महिने एकाच घरात राहत होते, तीच भांडी, तेच टॉवेल, तोच संडास वापरत होते. त्यांच्यात संसर्ग सापडला तो एका लहान मुलाला, आणि तोही बहुधा जन्माच्या वेळी आईकडून झालेला. पुढे दुसऱ्यांनी केलेल्या पाहण्यांतून हेच निघालं.

त्याच वर्षी भारतात चेन्नईला पहिली बाधित रक्तं सापडली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांचं ते काम. आपल्याकडचा पहिला मोठा वाद झाला तो शेजारच्या गोव्यात. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच रक्तातून त्याचा संसर्ग उघड झाला आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला त्याला पकडून म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडण्यात आलं. ६४ दिवस तो तिथे एकटा होता. आई ल्यूसी डिसूझा उच्च न्यायालयात गेल्या. निकाल मात्र अलगीकरणाची परवानगी देणाऱ्या कायद्याच्या बाजूने लागला.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो, तरी दोन्ही बाजू नीट मांडायला हव्यात. अलगीकरण मागणाऱ्यांपुढे प्लेग-पटकीचा अनुभव होता. साथीत माणूस वेगळा ठेवायचा, हे आरोग्य खात्याचं जुनं हत्यार. औषध नव्हतं आणि रोग जीवघेणा होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की प्लेगचा रोगी नुसत्या सहवासाने दुसऱ्याला धोका पोचवतो, हा तसा पोचवत नाही. शिवाय तपासणीचं फळ कोंडवाडा असेल तर तपासायला कुणी येणारच नाही. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. अलगीकरणाची कल्पना धोरणातून हळूहळू मागे पडली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या खटल्यात स्पष्ट केलं, की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही.

खऱ्या वाटा

विषाणू अंगातल्या मोजक्याच द्रवांत पुरेशा प्रमाणात असतो. रक्त, वीर्य आणि वीर्याआधीचा स्राव, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव, आईचं दूध. यांपैकी काहीतरी बाधित माणसाकडून निघून दुसऱ्याच्या रक्तात किंवा नाजूक ओल्या अस्तरापर्यंत पोचलं पाहिजे, तेही विषाणू जिवंत असताना. यातून वाटा उरतात त्या शरीरसंबंध, रक्त आणि सुया, आणि आईकडून बाळाला.

प्रत्येक वाटेचा धोका किती, याचे जगभरच्या अभ्यासांवरून काढलेले अंदाज आहेत. बाधित रक्ताची पिशवी चढली तर १०,००० पैकी ९,२५० वेळा संसर्ग होतो, म्हणजे जवळजवळ ठरलेलाच. उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला २,२६० वेळा. सुई वाटून घेतली तर ६३ वेळा; दवाखान्यात चुकून टोचली तर २३. शरीरसंबंधात गुदमार्गे संबंध स्वीकारणाऱ्याला १३८, योनीमार्गे संबंधात स्त्रीला ८ आणि पुरुषाला ४.

हे शेवटचे आकडे वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. ही सरासरी आहे आणि इथे सरासरी फसवते. संसर्ग नुकताच झालेला असताना रक्तातले विषाणू प्रचंड वाढलेले असतात आणि माणसाला पत्ताही नसतो. गुप्तरोगाची जखम असेल तर धोका आणखी वाढतो. शिवाय एका वेळेचा धोका लहान असला, तरी संसार एका वेळेचा नसतो. देशात संसर्गाचा फार मोठा वाटा स्त्री-पुरुष संबंधांतूनच आला आहे.

पुण्यातला एक अभ्यास या बाबतीत फार महत्त्वाचा ठरला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दोन दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या ३९१ देहविक्री करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक साध्या संसारी बायका. त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. धोका होता तो नवऱ्याकडून. ‘हा बाहेरख्याली लोकांचा रोग’ ही समजूत १९९७ मध्ये, हा अभ्यास छापून आला तेव्हा, शास्त्राच्या पातळीवर संपायला हवी होती. आमच्या वाड्यातल्या त्या बाईंची गोष्ट हीच होती. त्यांच्याबद्दल पेठेत जे बोललं गेलं, त्याला काहीच आधार नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

कंडोम हा या वाटेवरचा सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा अडसर. तो समाजात रुजवायचं काम कोल्हापूरपासून तासा-दीड तासावर, सांगलीच्या गोकुळनगरात झालं. मीना शेषू यांची ‘संग्राम’ आणि १९९६ मध्ये उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी कंडोम वाटायचं आणि समजावायचं काम त्या वस्तीतल्या बायकांच्याच हाती दिलं. बाहेरून कुणी येऊन शिकवण्यापेक्षा हे जास्त टिकलं.

ज्या वाटाच नाहीत

आता तालमीतले प्रश्न. पहिला एका पैलवानाचा. ‘हौदात एखाद्याचं नाक फुटतं, रक्त मातीत पडतं. मग?’ प्रश्न रास्त आहे, कारण कुस्तीत कातडी सोलते आणि अंगाला अंग घासतं. उत्तर असं, की अंगाबाहेर पडून वाळायला लागलेल्या रक्तातला विषाणू झपाट्याने निकामी होतो. हौदातल्या मातीतून कुणाला लागण झाल्याचं उदाहरण नाही. ताज्या रक्ताचा थेट उघड्या जखमेवर संपर्क तत्त्वतः शक्य धरला जातो. म्हणून रक्त आलं की कुस्ती थांबवायची, जखम धुऊन बांधायची आणि मग पुन्हा लावायची, हा नियम आहे. खेळात लागण झाल्याचं जे एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं, ते १९९० मधलं, इटलीतल्या एका फुटबॉलपटूचं, आणि तेही वादग्रस्त राहिलं. अमेरिकन फुटबॉलसारख्या धसमुसळ्या खेळाबाबत १९९५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार धोका साडेआठ कोटी भिडंतींमागे एकाहूनही कमी. घाम कितीही आला तरी घामातून लागण होत नाही.

दुसरा प्रश्न सलूनमधल्या वस्तऱ्याचा. एकाचं रक्त लागलेलं ब्लेड लगेच दुसऱ्याला वापरलं तर धोका शून्य म्हणता येत नाही. पण कातडीवरचा ओरखडा आणि रक्तात शिरलेली पोकळ सुई यांत फार अंतर आहे. सुईच्या पोकळीत रक्त साठून राहतं आणि वाळत नाही. प्रयोगशाळेत सिरिंजमधल्या रक्तात विषाणू अनुकूल तापमानाला सहा आठवड्यांपर्यंत टिकलेला आढळला आहे. ब्लेडवर तसं होत नाही. तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पान हा नियम कावीळ-बीसाठी तर हवाच, कारण तो विषाणू यापेक्षा कितीतरी चिवट. गोंदवून घेतानाही हेच : नवी सुई आणि नवी शाई.

डासाचा प्रश्न दरवर्षी येतो. मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात वाढतो आणि त्याच्या लाळेतून आपल्यात उतरतो. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशी लागतात. डासाच्या पोटात तो पचून जातो. डास चावताना सोडतो ती स्वतःची लाळ. आधी प्यालेलं रक्त तो परत टोचत नाही. आणि डासाने हा रोग पसरला असता तर पेठेतली पाच ते बारा वर्षांची पोरं मलेरियासारखीच याने पटापट आजारी पडली असती. तसं कुठेही दिसलं नाही.

ताट, तांब्या, कपडे, संडास, शिंक, मिठी, रंकाळ्यात पोहणं यांतल्या कशानेही लागण होत नाही. चुंबनात दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल, तरच अतिशय विरळा धोका. इथे वाद नाही, आणि वाद नाही तिथे उगाच ‘दोन बाजू’ दाखवणं चुकीचं ठरेल. तरीही लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांच्या ‘सेवालय’मधल्या मुलांना गावच्या शाळेत बसू द्यायला पालकांनी विरोध केला, तो हे सगळं सिद्ध झाल्यावर वीसेक वर्षांनी.

औषधाने बदललेलं गणित

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट मिळू लागल्या. तेव्हा हेतू रुग्ण जगवण्याचा होता. पुढे लक्षात आलं, की नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका खाली जातो, की दुसऱ्याला द्यायला उरतच नाही.

याच्या मोठ्या चाचणीत पुणं आणि चेन्नई ही भारतातली केंद्रं होती. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशी नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला : लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. मग युरोपात विषाणू दबलेल्या जोडप्यांच्या कंडोमविना संबंधांची मोजदाद झाली. २०१६ मध्ये सुमारे ५८ हजार संबंध आणि २०१९ मध्ये केवळ पुरुष जोडप्यांतले सुमारे ७६ हजार. जोडीदाराकडून झालेला संसर्ग दोन्ही वेळा शून्य. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे शब्दांत बांधलं : व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, सापडतच नसेल तर जोडीदाराला धोका शून्य, सापडतो पण १,००० किंवा त्याखाली असेल तर जवळजवळ शून्य. जगभर याला ‘यू इज इक्वल टू यू’ म्हणतात : अनडिटेक्टेबल म्हणजे अनट्रान्समिटेबल, जो सापडत नाही तो पसरत नाही.

हे खेडोपाडी किती उघडपणे सांगावं, यावर मात्र मतभेद आहेत. बाधितांच्या संघटनांचं म्हणणं असं, की ही सांगायलाच हवी अशी माहिती आहे. गोळ्या चुकवू नयेत यासाठी याहून मोठं कारण नाही, आणि ‘मी कुणाला धोका नाही’ हे कळल्यावर माणसाची मान वर होते. समुपदेशकांतल्या काहींची काळजी वेगळी. आपल्याकडे उपचार स्थिरावल्यावर व्हायरल लोड साधारण वर्षातून एकदा पाहिला जातो. मधल्या काळात ऊसतोडीला गेलेला माणूस दोन महिने गोळ्या चुकला तर जुना रिपोर्ट खोटा पडतो. कंडोम सुटला तर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणाही आहे. मला वाटतं, समुपदेशकांची काळजी खरी आहे. पण तिचं उत्तर माहिती दडवण्यात नसून तपासणी वेळेवर करण्यात आहे.

संसर्ग नसलेल्यासाठीही औषध आहे. धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या सुई टोचलेल्या परिचारिकेला आणि बलात्कार झालेल्या स्त्रीला वाचवू शकतात. शिवाजी पेठेतून सीपीआर रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एचआयव्हीबद्दलच्या माहितीसाठी १०९७ हा फुकट दूरध्वनी क्रमांकही सगळ्यांसाठी आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला दुधाचा. उपचारच नसेल तर आईकडून बाळाला संसर्गाचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध हे सगळं धरून. १९९४ मध्ये एका चाचणीत एकाच औषधाने संसर्गाचं प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आलं. दूध पिणाऱ्या बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिन देऊन पाहण्याच्या चाचणीत पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होतं. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार दिले जातात.

मग अंगावर पाजावं की नाही? श्रीमंत देश अनेक वर्षं ‘पाजूच नका’ म्हणत आले, कारण तिथे डब्याचं दूध आणि स्वच्छ पाणी सहज मिळतं. आपल्याकडे जुलाब-न्यूमोनियाने बाळ दगावण्याचा धोका मोठा, म्हणून धोरण उलटं : सहा महिने फक्त आईचं दूध, आईच्या गोळ्या चालू. डर्बनच्या १९९९ च्या अभ्यासाने दाखवलं, की सर्वांत वाईट म्हणजे मिश्र पाजणं. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, मधे पाणी, मधे घुटी. आपल्या घरांत नेमकं हेच होतं. आजी मायेने मध चाटवते आणि सुनेला कारण सांगता येत नाही. आईने गोळ्या नीट घेतल्या तर दुधातून होणारा संसर्ग वर्षभरात १ टक्क्याहून कमी राहतो. पण शरीरसंबंधाबाबत जसं ‘शून्य’ म्हणता येतं, तसं दुधाबाबत अजून म्हणता येत नाही. आता अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनीही आपली भूमिका सैल केली आहे, आणि ‘पाजूच नका’ हे धोरण बरोबर होतं का, हा प्रश्न तिकडे चर्चेत आहे.

दुसरा रक्ताचा. हाही तालमीत आलेला प्रश्न, कारण शिवजयंतीला मंडळं शिबिरं घेतात. रक्त देताना सुई नवी असते, दात्याला धोका नाही. प्रश्न घेणाऱ्याचा आहे. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणं बंद झालं, त्याने फार फरक पडला. प्रत्येक पिशवीची चाचणी होते. पण लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत एक कोरा काळ असतो. साध्या अँटिबॉडी चाचणीत तो किमान तीन आठवड्यांचा, थेट विषाणू शोधणाऱ्या नॅट चाचणीत दहा दिवसांइतका खाली येऊ शकतो. जुनागढला २०११ मध्ये २३ थॅलेसेमियाग्रस्त मुलं बाधित आढळली, तेव्हापासून नॅट सक्तीची करा अशी मागणी आहे. ज्यांच्या लेकरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांचं हे म्हणणं अगदी समजण्यासारखं आहे. विरोधातला मुद्दा खर्चाचा आणि लहान रक्तपेढ्या बंद पडण्याचा. शिवाय काही तज्ज्ञ म्हणतात, की दात्याने फॉर्मवरचे प्रश्न खरे भरले तर त्याने जास्त संरक्षण मिळेल. शिबिरात मित्रांच्या घोळक्यात, खांद्याला खांदा लावून भरलेल्या फॉर्मवर ‘गेल्या काही महिन्यांत असुरक्षित संबंध आला का’ याचं खरं उत्तर कोण लिहील, हा माझा प्रश्न आहे. तो फॉर्म आडोशाला भरून घ्यायला खर्च काहीच येत नाही.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड, जोडीदाराला सांगण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका खटल्यात बाधिताच्या लग्नाच्या हक्काबद्दल कडक शेरे मारले होते. ते २००२ मध्ये मागे घेतले गेले. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात संमतीशिवाय तपासणी नाही आणि गुप्तता बंधनकारक. मात्र जोडीदाराला खराखुरा धोका आहे, समजावूनही बाधित माणूस सांगत नाही, आणि आपण सांगणार आहोत याची त्याला कल्पना दिली आहे, अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक ते जोडीदाराला सांगू शकतात. सांगण्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर सांगू नये.

एका बाजूला, नवऱ्याने लपवलं म्हणून पुण्याच्या त्या अभ्यासातल्या बायका बाधित झाल्या. त्यांना कळायला नको होतं का? दुसऱ्या बाजूला, गरोदरपणात आधी तपासणी बाईचीच होते, म्हणून रिपोर्ट घरात तिच्या नावाने पहिला येतो आणि ‘हिनेच आणलं’ असं ठरतं. लग्नाआधी तपासणी सक्तीची करावी ही मागणीही वेळोवेळी उठते. तिला आक्षेप असा, की कोऱ्या काळातला निगेटिव्ह कागद खोटा दिलासा देतो आणि लग्नानंतरच्या धोक्याबद्दल तो काहीच बोलत नाही. स्वेच्छेने दोघांनी मिळून तपासावं, याला मात्र कुणाचाच विरोध नाही.

गोळ्यांची बाटली घरी नेण्याआधी लेबल नखाने खरवडून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. एकीने मला सांगितलं, की ती महिन्याच्या तीस गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरते आणि डबी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवते. रोज रात्री नऊ वाजता, दिवा लावायला उठल्यासारखं करून, एक घेते. तिचा व्हायरल लोड तीन वर्षं सापडलेला नाही. सासूला ठाऊक नाही. घरातली तिघं एकाच ताटात जेवतात.